जुनी मॅन्युअल लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर कशी वापरायची? अडॅप्टर, फोकस आणि बुरशीची संपूर्ण माहिती

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या पनवेलच्या घरी माळ्यावरून एक चामड्याची पेटी खाली आली. आत काकांचा पेंटॅक्स के१००० कॅमेरा होता आणि त्यावर ५० एमएम एफ/२ लेन्स. नव्वदच्या दशकात काका पनवेल आणि आसपासच्या गावांतली लग्नं, मुंजी, बारशी याच कॅमेऱ्यावर टिपायचे. माझ्या बारशाचे फोटोसुद्धा याच लेन्समधून आलेले आहेत. कॅमेऱ्याचं शटर आता अडकलं होतं, पण लेन्सची फोकस रिंग मात्र लोण्यासारखी फिरत होती.

"याला आता रोल कुठून आणणार? देऊन टाक भंगारात," काका म्हणाले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दोन सिस्टिम एकमेकांशी बोलत नसतील तर मध्ये अडॅप्टर लिहायचा, हे आमचं रोजचं काम. माझ्याकडे सोनीचा ए६४०० हा मिररलेस कॅमेरा आहे. म्हटलं, इथेही एक अडॅप्टर लावू. लावलाही. पण कामाचा क्रम चुकला, त्यामुळे पैसे आणि दोन महिने फुकट गेले. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख योग्य क्रमाने लिहितोय.

आधी बघा: तुमची लेन्स निघते का?

आपल्याकडच्या कपाटांत सापडणारे सगळेच जुने कॅमेरे या कामाचे नाहीत. आग्फा क्लिक थ्री, याशिका मॅट १२४जी, याशिका इलेक्ट्रो ३५ या कॅमेऱ्यांची लेन्स बॉडीला कायमची जोडलेली असते. ती काढून दुसरीकडे लावता येत नाही. असे कॅमेरे आठवण म्हणून जपावेत.

लेन्स फिरवून काढता येते असे एसएलआर कॅमेरे मात्र उपयोगाचे: पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम सिरीज, कॅनन एई-१, मिनोल्टाचे एक्स सिरीजचे कॅमेरे, ऑलिम्पस ओएम, आणि रशियन झेनिट. झेनिटसोबत बऱ्याचदा हेलिओस ४४ ही ५८ एमएम एफ/२ लेन्स येते. जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सच्या रचनेवरून ती सोव्हिएत कारखान्यांत बनली. फोटोमध्ये मागची पानं गोल भोवऱ्यासारखी फिरल्यासारखी दिसतात, त्यासाठी ती आजही शोधली जाते.

दुसरी पायरी: अडॅप्टर मागवण्याआधी टॉर्च लावा

मी नेमकी हीच पायरी गाळली. लेन्स बाहेरून स्वच्छ दिसत होती, म्हणून थेट ऑनलाइन ऑर्डर टाकली.

पावसाळ्यात कोकणपट्टीत हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. अंधार, दमट हवा आणि काचेवरची थोडीशी धूळ किंवा तेलाचा अंश, एवढ्यावर बुरशी वाढते. ती आम्लं सोडते आणि काचेवरच्या कोटिंगवर कायमचे डाग पाडू शकते. चामड्याची पेटी तर ओल धरून ठेवते. म्हणजे आपण "जपून" ठेवलेली लेन्सच सगळ्यात जास्त धोक्यात असते.

तपासणी अशी करा:

१. लेन्स कॅमेऱ्यातून काढा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, म्हणजे रिंगवरचा सगळ्यात लहान आकडा लावा.

२. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेवर तिरका मारा आणि पुढून बघा. मग उलट बाजूने तेच करा. टॉर्चच्या झोतात थेट बघू नका.

३. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे धुरकट थर दिसला तर तो बहुतेक आतल्या तेलाच्या वाफेचा. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसला तर एकमेकांना चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागल्या आहेत, आणि याची दुरुस्ती सहसा परवडत नाही.

४. अ‍ॅपर्चरची रिंग फिरवा. आतल्या पात्या झटकन उघडल्या-मिटल्या पाहिजेत. त्यांच्यावर तेल आलं असेल तर त्या चिकटतात.

धुळीचे चार कण आणि पुढच्या काचेवरचे एक-दोन बारीक ओरखडे यांना घाबरू नका. फोटोत ते जवळजवळ कधीच दिसत नाहीत. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र जास्त त्रास देतो.

आणखी एक गोष्ट. काही जुन्या लेन्समध्ये थोरियम असलेली काच वापरली जायची. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० एमएम एफ/१.४ च्या काही आवृत्त्या याचं प्रसिद्ध उदाहरण. ही काच किंचित किरणोत्सारी असते आणि वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यापुरता धोका नगण्य मानला जातो, पण अशी लेन्स फोडायची किंवा घासायची नाही.

फ्लँज अंतर: सगळा खेळ इथे आहे

लेन्स जिथे कॅमेऱ्याला टेकते त्या धातूच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. प्रत्येक माउंटचं हे अंतर ठरलेलं असतं आणि लेन्स त्याच हिशोबाने बनवलेली असते.

जुने फिल्म माउंट:
निकॉन एफ: ४६.५ मिमी
ऑलिम्पस ओएम: ४६ मिमी
पेंटॅक्स के आणि एम४२ स्क्रू माउंट (झेनिट वगैरे): ४५.४६ मिमी
मिनोल्टा एसआर (एमसी, एमडी लेन्स): ४३.५ मिमी
कॅनन एफडी: ४२ मिमी

आजचे मिररलेस माउंट:
कॅनन आरएफ आणि एल-माउंट: २० मिमी
मायक्रो फोर थर्ड्स: १९.२५ मिमी
सोनी ई: १८ मिमी
फुजीफिल्म एक्स: १७.७ मिमी
निकॉन झेड: १६ मिमी

एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा असायचा, त्याला हलायला जागा लागायची, म्हणून अंतर मोठं. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून अंतर लहान. उरलेली जागा अडॅप्टर भरून काढतो. माझ्या बाबतीत हिशोब असा: ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी. एवढ्या जाडीची धातूची पोकळ नळी, एका टोकाला पेंटॅक्सची खाच, दुसऱ्या टोकाला सोनीची. आत काच नाही, चिप नाही, वायर नाही. म्हणूनच साधे अडॅप्टर हजार ते तीन हजार रुपयांच्या आसपास मिळून जातात.

वजाबाकीचं उत्तर ऋण आलं तर? समजा तुमच्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे आणि त्यावर पेंटॅक्सची लेन्स लावायची आहे. ४६.५ मधून ४५.४६ गेले, म्हणजे लेन्स आधीच १.०४ मिलिमीटर लांब बसलेली आहे. आता अडॅप्टर कितीही पातळ केला तरी लांबचं दृश्य स्पष्ट येणार नाही. त्यासाठी मध्ये काच घातलेले अडॅप्टर मिळतात, पण स्वस्तातली काच चांगल्या लेन्सचीही धार घालवते. माझं मत: त्या वाटेला जाऊ नका.

डीएसएलआर असेल तर थोडक्यात

कॅनन ईएफ (४४ मिमी): एम४२, पेंटॅक्स के, ओएम आणि निकॉन एफच्या लेन्स साध्या अडॅप्टरवर चालतात. मात्र काही लेन्सचा मागचा भाग फुल फ्रेम बॉडीच्या आरशाला आपटू शकतो, त्यामुळे आधी खात्री करा. गंमत म्हणजे कॅननच्याच जुन्या एफडी लेन्स चालत नाहीत, कारण ४२ हे ४४ पेक्षा कमी.

निकॉन: अडॅप्टरशिवाय निकॉनच्याच जुन्या लेन्स बसतात. १९७७ नंतरच्या एआय लेन्स डी३५०० किंवा डी५६०० वर बसतात, पण कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चालत नाही. एम मोडमध्ये अंदाजाने काम करावं लागतं. डी७२०० वर मापकही चालतो. १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या लेन्स काही बॉडीच्या माउंटला इजा करू शकतात, तेव्हा जबरदस्ती नको.

पेंटॅक्स: १९७५ पासून के-माउंट तोच आहे. जुनी लेन्स सरळ लावायची आणि स्टॅबिलायझेशनही मिळवायचं.

माझा पहिला अडॅप्टर आणि कर्नाळ्याचा सुळका

मी सगळ्यात स्वस्त अडॅप्टर मागवला. विक्रेत्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही. घरातले फोटो ठीक आले. मग गच्चीवर जाऊन कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्यावर फोकस केला. रिंग इन्फिनिटीच्या खुणेला, म्हणजे त्या आडव्या आठला, जाऊन टेकली तरी सुळका धूसरच.

कारण शोधायला एक सोपं सूत्र पुरलं: अडॅप्टर गरजेपेक्षा जेवढा जाड असेल, त्या आकड्याने लेन्सच्या फोकल लेंथच्या वर्गाला भागा. उत्तर म्हणजे, अंदाजे, तुम्हाला मिळणारा सगळ्यात लांबचा फोकस. ५० गुणिले ५० म्हणजे २५००, भागिले ०.१ मिमी, म्हणजे २५,००० मिमी. फक्त ०.१ मिलिमीटरची चूक, आणि लेन्स २५ मीटरच्या पुढे फोकसच करू शकत नाही! २८ एमएम लेन्सला तीच चूक जेमतेम ८ मीटरवर आणून ठेवते.

म्हणून अडॅप्टर आला की त्याच दिवशी ही चाचणी करा: अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून खूप लांबच्या डोंगरावर किंवा टॉवरवर फोकस करा आणि फोटो मोठा करून बघा. एफ/८ वर चाचणी करू नका, कारण लहान अ‍ॅपर्चरला खोली वाढते आणि दोष झाकला जातो. अडॅप्टर किंचित पातळ असेल तर रिंग इन्फिनिटीच्या थोडी पुढे जाते. ते सहसा चालतं, फक्त रिंगवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबून राहू नका.

मी तो अडॅप्टर परत केला आणि दुसरा घेतला. सुळका स्पष्ट आला. पण वडाळे तलावावर संध्याकाळी सूर्यासमोर फोटो काढले तर सगळं दुधात बुडाल्यासारखं. हाही दोष मी अडॅप्टरवरच ढकलला आणि इंटरनेटवर उत्तरं शोधत बसलो. शेवटी एका रात्री टॉर्च लावला, आणि पुढच्या काचेच्या मागे बुरशीचं जाळं दिसलं.

कॅमेऱ्यात कोणत्या सेटिंग करायच्या?

१. "रिलीज विदाउट लेन्स" चालू करा. अडॅप्टरमध्ये चिप नसल्याने कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच लावलेली नाही, आणि तो फोटो काढायला नकार देऊ शकतो. फुजीफिल्ममध्ये यालाच "शूट विदाउट लेन्स" म्हणतात.

२. मोड ए किंवा एम ठेवा. अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवरून लावायचं. ए मोडमध्ये शटर स्पीड कॅमेरा स्वतः ठरवतो. स्क्रीनवर अ‍ॅपर्चरचा आकडा दिसणार नाही, ते बरोबरच आहे.

३. ऑटो आयएसओ वापरत असाल तर किमान शटर स्पीड स्वतः ठरवा. लेन्स किती एमएमची आहे हे कॅमेऱ्याला माहीत नसतं. एपीएस-सी वर ५० एमएमसाठी मी १/१२५ ठेवतो.

४. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंथ हाताने भरा. लेन्सवर लिहिलेला खरा आकडाच भरायचा, गुणाकार करून नाही.

५. एम४२ लेन्सवर ऑटो/मॅन्युअल असा खटका असेल तर तो मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर पात्या मिटणारच नाहीत. कॅनन एफडीसाठी अडॅप्टरवरच एक रिंग असते, ती लॉकच्या बाजूला फिरवावी लागते.

आता तो गुणाकार कशाचा? लेन्स फिल्मच्या ३६ × २४ मिमी चौकटीसाठी बनलेली आहे. एपीएस-सी सेन्सर लहान असल्याने मधलाच भाग उचलतो. त्यामुळे ५० एमएम लेन्सचं दृश्य सोनी, फुजी किंवा निकॉनच्या एपीएस-सी वर ७५ एमएमसारखं, कॅननच्या एपीएस-सी वर ८० एमएमसारखं आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १०० एमएमसारखं दिसतं. चेहऱ्याच्या फोटोंना हे छान, पण वन बीएचकेच्या हॉलमध्ये अख्खं कुटुंब बसवायला भिंत मागे सरकवावी लागेल. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ही अडचण नाही.

हाताने फोकस कसा करायचा?

मिररलेसमध्ये दोन सोयी आहेत. पीकिंग, म्हणजे स्पष्ट असलेल्या कडा रंगीत दिसतात. आणि मॅग्निफिकेशन, म्हणजे निवडलेला भाग मोठा करून दाखवला जातो. पीकिंगने अंदाज घ्यायचा आणि मॅग्निफिकेशनने पक्कं करायचं. फक्त पीकिंगवर विसंबलात तर डोळ्यांऐवजी भुवया स्पष्ट येतात, हा माझा अनुभव. ए६४०० वर ५० एमएम लेन्स एफ/२ ला ठेवून दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ७ सेंटिमीटरचा असतो. श्वास घेताना माणूस तेवढा हलतो.

फोकस नेहमी उघड्या अ‍ॅपर्चरला करा आणि मग रिंग हव्या त्या आकड्यावर आणा. एफ/८ ला सगळंच रंगीत दिसतं आणि फसायला होतं.

डीएसएलआरच्या ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून हाताने अचूक फोकस करणं अवघड जातं, कारण आजच्या डीएसएलआरचा पडदा ऑटोफोकससाठी बनवलेला असतो. तिथे लाइव्ह व्ह्यू लावून चित्र मोठं करा.

बुरशी निघते का? आणि परत येऊ नये म्हणून काय?

पनवेलहून हार्बर लाइनची लोकल पकडून सीएसएमटीला उतरलो आणि समोरच्या बोरा बझारमध्ये विचारत फिरलो. फोर्टचा हा भाग कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी जुना प्रसिद्ध. एका कारागिराने लेन्स उजेडात धरली आणि सांगितलं, "साफ होईल, पण कोटिंगवर खूण राहील." तसंच झालं. साफसफाईचे पैसे अडॅप्टरइतकेच गेले. आता सूर्य समोर असला तर थोडं फिकट येतं, पाठीमागे असला तर काहीच जाणवत नाही. सांगायचा मुद्दा, बुरशी काढता येते, पण तिने खाल्लेलं कोटिंग परत येत नाही. म्हणून जितक्या लवकर सापडेल तितकं बरं. यूट्यूब बघून घरी लेन्स उघडू नका. रिटेनिंग रिंगवरून पकड सटकली की काचेवर कायमचा चरा.

घरी ठेवताना:

हवाबंद झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. फार कोरडंही नको. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की ओल भरली असं समजायचं. या निळ्या रंगात कोबाल्टचा विषारी क्षार असतो, म्हणून ती स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका आणि मुलांपासून लांब ठेवा. लेन्स जास्त असतील तर इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेट घ्या.

बुरशी लागलेली लेन्स इतरांबरोबर ठेवू नका. लेन्स उन्हात "तापवायला" खिडकीत ठेवून जाऊ नका. ते भिंगच आहे, पडद्याला आग लागू शकते.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे लेन्स वापरणं. हवा खेळते, उजेड लागतो आणि बिघाड लवकर कळतो.

कशासाठी वापरू नये?

धावणारी मुलं, कर्नाळा अभयारण्यातले उडणारे पक्षी, पैसे घेऊन केलेलं लग्नाचं काम. इथे ऑटोफोकसच हवा. फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव आणि अ‍ॅपर्चर नोंदवलं जात नाही. उघड्या अ‍ॅपर्चरला काळ्या-पांढऱ्या कडांवर जांभळी-हिरवी रेघ येऊ शकते. आणि घरात लेन्स नसताना फक्त स्वस्तात मिळेल म्हणून विकत घेत असाल, तर लेन्स, अडॅप्टर आणि साफसफाई यांची बेरीज आधी करा. तेवढ्यात ऑटोफोकसवाली वापरलेली लेन्सही मिळू शकते. जुन्या लेन्सचा खरा फायदा तेव्हाच, जेव्हा ती आधीच घरात आहे.

साफ झालेली लेन्स लावून मी कॅमेरा काकांच्या हातात दिला. पीकिंग, मॅग्निफिकेशन, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी हं-हं केलं, काकूकडे वळले, डाव्या हाताने रिंग एकदा पुढे, किंचित मागे, आणि क्लिक. मोठं करून बघितलं तर डोळ्यांच्या पापण्या मोजता येत होत्या. मला तोच फोटो घ्यायला चार प्रयत्न लागले.

आता लेन्स सिलिका जेलच्या डब्यात असते आणि महिन्यातून एक-दोनदा काका तो डबा उघडायला लावतात. के१००० ची बॉडीही शेजारीच ठेवली आहे. भंगारात गेली ती फक्त चामड्याची पेटी.